एजंटच्या हाती फायरवॉल देताना

मंडळी, फायरवॉलचा नियम बनवणारं टूल एआय एजंटला द्यायचं, तर त्याची माहिती लिहायची कशी, एवढंच आज बघू. माणूस माहिती अर्धी वाचतो, उरलेलं शेजारच्याला विचारतो. एजंटला शेजारी नसतो. टूलचं नाव, वर्णन आणि प्रत्येक रकान्याचा खुलासा, एवढ्यावरच त्याला काम भागवायचं असतं.

गूगल क्लाउडचं उदाहरण घ्या. तिथे कमांड देऊन आत येणाऱ्या ट्रॅफिकसाठी नियम बनवताना स्रोत काहीच सांगितला नाही, तर तो ०.०.०.०/० धरला जातो. म्हणजे अख्खं जग! पोर्ट २२ उघडायला सांगितलं आणि हा रकाना रिकामा राहिला, की पब्लिक आयपी असलेल्या सर्व्हरचं लॉगिनचं दार सगळ्यांसमोर. म्हणून नुसतं ‘स्रोत: ऐच्छिक’ असं लिहू नका. ‘रिकामा ठेवल्यास सगळ्या इंटरनेटला परवानगी मिळते; पत्ता माहीत नसेल तर वापरकर्त्याला विचारा’ असं लिहा. माझं विचाराल, तर आपल्या टूलमध्ये तो रकाना सक्तीचाच करा.

दुसरी गोची प्राधान्याची. आकडे ० ते ६५५३५, आणि आकडा जितका लहान तितका नियम वरचढ. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. काही न दिल्यास १०००. आता ९०० वर त्याच पोर्टला अडवणारा नियम आधीच असेल, तर नवा नियम तयार होतो, टूल ‘यशस्वी’ म्हणतं, आणि कनेक्शन काही लागत नाही. मग एजंट काय करणार? आणखी सैल नियम टाकून बघणार. हे टाळायचं, तर कोणता जुना नियम आडवा येतोय, ते टूलच्या उत्तरातच सांगा.