एमशर नदीचा पुनर्जन्म

जर्मनीच्या पश्चिम भागात रूर नावाचा प्रदेश आहे. तेथून एमशर ही लहानशी नदी वाहत जाते व ऱ्हाईन या मोठ्या नदीस मिळते. एमशरच्या खोऱ्यात डॉर्टमुंड, एसेन, ओबरहाउझेन अशी अनेक शहरे एकमेकांस लागून वसली आहेत.

एकोणिसाव्या शतकात या प्रदेशात कोळशाच्या खाणी वाढल्या, पोलादाचे कारखाने उभे राहिले. असंख्य कुटुंबांना काम मिळाले. परंतु घरांतील व कारखान्यांतील सांडपाणी नदीत जाऊ लागले. पूर आला की ते पाणी वस्तीत शिरे व रोगराई पसरे.

तेव्हा १८९९ साली खोऱ्यातील शहरे, खाणी व कारखाने यांनी एकत्र येऊन एक संघ स्थापन केला. सांडपाणी भुयारी गटारांतून न्यावे, हा उपाय कोणासही सुचेल. परंतु खाणींमुळे तेथील जमीन वारंवार खचत असे. जमिनीखाली नळ घातले असते, तर ते फुटून गेले असते. म्हणून नदीचेच उघडे गटार करण्यात आले. तिची वळणे काढून टाकली. तिला काँक्रीटच्या सरळ पाटात कोंडले. रोगराईस आळा बसला, उद्योगधंदे भरभराटले. पण नदी मेली. पाण्यात मासा उरला नाही. मुलांनी जवळ जाऊ नये म्हणून काठाला कुंपणे घालावी लागली.

पुढे खाणी उत्तरेकडे सरकल्या आणि नदीकाठची जमीन खचणे थांबले. मग १९९२ मध्ये त्याच संघाने नदीच्या शुद्धीचे काम हाती घेतले. डॉर्टमुंडपासून डीन्सलाकेनपर्यंत ५१ किलोमीटर लांबीचे भुयारी गटार बांधले. आता सांडपाणी त्यातून जाते आणि शुद्ध केल्यावरच नदीत सोडले जाते. २०२१ च्या अखेरीस एमशर सांडपाण्यापासून मुक्त झाली. मासे परतले; खंड्या पक्षी पुन्हा दिसू लागला.

या कामास सुमारे तीस वर्षे व साडेपाच अब्ज युरो लागले. दरम्यान, २०१८ साली रूरमधील शेवटची कोळशाची खाणही बंद झाली. कोळशाने शहरांना संपत्ती दिली, पण तिची किंमत नदीने मोजली. ते ऋण फेडण्याची पाळी मात्र पुढच्या पिढ्यांवर आली.

मग कारखाने काढूच नयेत काय? तसे नव्हे. लोकांना काम हवे, तसेच निर्मळ पाणीही हवे. म्हणून पाणी शुद्ध करण्याचा खर्च हा उद्योगाच्या खर्चातच धरला पाहिजे. शिवाय, हे काम एकट्या शहराचे नाही. वरच्या शहराने घाण सोडली, तर खालच्या शहराची स्वच्छता व्यर्थ जाते. नदी शहरांच्या सीमा जाणत नाही.

तुम्ही आपल्या गावच्या नदीकाठी जाल, तेव्हा दोन गोष्टी पाहा : वरच्या गावाहून पाणी कसे येते, आणि खालच्या गावास आपण ते कसे देतो.