खिशातल्या झूम कॅमेऱ्याची करामत

१९८६ साली जपानच्या पेंटॅक्सने ‘झूम ७०’ हा कॅमेरा आणला. झूम भिंग अंगातच बसवलेला हा जगातला पहिला कॉम्पॅक्ट फिल्म कॅमेरा. त्याआधी झूम हवा असेल तर एसएलआर, म्हणजे भिंगातूनच आरशाने दृश्य दाखवणारा मोठा कॅमेरा घ्यायचा, गळ्यात त्याचे वजन वागवायचे आणि छिद्र, वेग, अंतर यांचा हिशेब शिकायचा. झूम ७० मध्ये कळ दाबली की मोटर भिंगाला ३५ मिलिमीटरवरून ७० पर्यंत पुढे नेई आणि डोळा लावायच्या खिडकीतले दृश्यही त्याच वेळी जवळ येई. बाकीचे सगळे कॅमेरा बघून घेई.

बाकीच्या सोयी त्याआधीच एकेक करून आल्या होत्या. कोनिकाने १९७५ मध्ये सी३५ ईएफ या मॉडेलात फ्लॅश आत बसवला आणि १९७७ मध्ये सी३५ एएफला स्वयंचलित फोकस दिला. कॅननच्या एएफ३५एमने १९७९ मध्ये फोकससाठी अवरक्त किरण वापरले. १९८३ मध्ये कोडॅकने रोलच्या डबीवर डीएक्स खुणा आणल्या. डबीवरच्या चंदेरी चौकोनांतून वीज वाहते, काळ्यांतून वाहत नाही. कॅमेऱ्यातल्या बारीक पिना ते चाचपतात आणि रोल १०० एएसएचा की ४०० चा, म्हणजे प्रकाशाला किती संवेदनशील, हे ओळखतात. डबीवर या खुणा नसतील तर बहुतेक कॅमेरे कोणतातरी एक ठरलेला आकडा, बऱ्याचदा १००, धरून चालतात.

पण खरी करामत भिंगात आहे. एसएलआरमध्ये भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलत असतो, त्यामुळे भिंगाला फिल्मपासून लांब राहावे लागते. कॉम्पॅक्टमध्ये आरसा नाही, आपण वेगळ्याच खिडकीतून बघतो. या मोकळ्या जागेचा फायदा जपानी अभियंत्यांनी पुरेपूर उचलला. पुढे प्रकाश एकवटणारा काचांचा गट, मागे प्रकाश पांगवणारा गट, बस, दोनच गट. दोघांमधले अंतर कमी-जास्त करत दोघांनाही पुढे सरकवले की दृश्य जवळ येते. झूम पूर्ण मागे घेतला की मागची काच जवळजवळ फिल्मला भिडते. नळ्या एकमेकींत शिरतात, जुन्या घडीच्या छत्रीच्या दांड्यासारख्या, आणि कॅमेरा खिशात मावतो.

या आटोपशीरपणाची किंमत प्रकाशात मोजावी लागते. झूम ७० चे भिंग ३५ मिलिमीटरला एफ/३.५ आहे आणि ७० ला एफ/६.७. मिलिमीटरच्या आकड्याला एफच्या आकड्याने भागून बघा: प्रकाश आत येणाऱ्या छिद्राचा व्यास दोन्ही वेळी दहा मिलिमीटरच्या आसपासच येतो. भिंग लांबले, छिद्र मात्र होते तेवढेच राहिले, म्हणून फिल्मवर पडणारा प्रकाश साधारण पावपट झाला. पुढे कंपन्यांमध्ये झूमच्या आकड्यांची चढाओढ लागली. ऑलिंपसच्या म्यू झूम १४० चे भिंग ३८ पासून १४० मिलिमीटरपर्यंत जाते, पण एफ/४ वरून एफ/११ वर उतरते. म्हणजे प्रकाश जवळपास आठवा हिस्सा. त्यात हाताचा कंप १४० ला पावणेचारपट मोठा दिसतो. कडक उन्हात १०० एएसएच्या रोलवर एफ/११ ला सेकंदाच्या दोनशेव्या भागाचा वेग मिळतो आणि फोटो निभावतो. ढग आले की खेळ संपला. ‘झूम केलेले फोटो हललेलेच येतात’ या तक्रारीचे मूळ इथे आहे, फोटो काढणाऱ्याच्या हातात नव्हे. खोक्यावर मोठ्या अक्षरात झूम छापणाऱ्या कंपन्यांनी त्याच्याशेजारी ‘४०० चा रोल घाला’ असेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बटण अर्धे दाबल्यावर जे घडते तेही बघण्यासारखे आहे. कॅमेरा अवरक्त किरणाचा झोत सोडतो. तो समोरच्या वस्तूवरून परततो आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या खिडकीतला संवेदक तो कोणत्या कोनातून आला ते पाहतो. कोन कळला की त्रिकोणाच्या भूमितीने अंतर कळते. काहीच परतले नाही, तर वस्तू फार दूर आहे असे कॅमेरा धरतो. युक्ती मोठी हुशारीची, पण तिला फसवणे सोपे. एसटीच्या बंद काचेतून घाटाचा फोटो घेतला तर किरण काचेवरूनच परतू शकतो. त्यासाठी डोंगराच्या चित्राचे बटण असते. ते दाबले की फोकस थेट लांबवर जातो. नवरा-नवरी शेजारी उभे असतील तर किरण नेमका दोघांच्या मधून निघून जातो आणि मागची भिंत तेवढी स्पष्ट येते. नंतरच्या मॉडेलांनी एकाऐवजी तीन किरण सोडून हा दोष बराच कमी केला.

बटण पूर्ण दाबले की भिंगातल्या पाकळ्या उघडतात. यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत छिद्र आणि शटर वेगळे नसतात. त्याच पाकळ्या किती उघडायच्या आणि किती वेळ, हे एकाच हालचालीत ठरते. त्यामुळे फ्लॅश कोणत्याही वेगाला साथ देतो. त्याची पोच मात्र झूमबरोबर आखडते: एफ/४ ऐवजी एफ/११ असेल तर जवळपास एक तृतीयांश. लाल डोळेही झूममध्ये जास्त येतात. माणूस लांब असला की फ्लॅश आणि भिंग यांच्यातला कोन बारीक होतो आणि डोळ्याच्या पडद्यावरचा लाल उजेड सरळ भिंगात परततो. म्हणून फ्लॅश भिंगापासून दूर, कोपऱ्यात बसवतात. मुख्य झगझगाटाआधी जो दिवा लागतो तो बाहुली आकसावी म्हणून.

पॅनोरमाची सोय ही निव्वळ चलाखी म्हणायला हरकत नाही: २४ बाय ३६ मिलिमीटरच्या चौकटीची वरची-खालची बाजू झाकून १३ बाय ३६ ची पट्टी उरते, दृश्य तसूभरही रुंद होत नाही. याउलट काही फुजी आणि कॅनन मॉडेलांची रोल गुंडाळण्याची पद्धत खरोखर दाद देण्याजोगी आहे. झाकण लावताच मोटर सगळी फिल्म बाहेर ओढून घेते आणि एकेक फोटो झाला की ती डबीत परत सरकवते. काउंटर उलटा, ३६ वरून खाली येतो. कोणी चुकून मागचे झाकण उघडले तरी काढलेले फोटो बहुतांशी वाचतात, जळते ती कोरी फिल्म.

आपल्याकडे असे झूम कॅमेरे बरेचदा आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून आले. इथे घरोघरी दिसे तो कोडॅकचा केबी-१०, झूम नसलेला आणि फोकस कायमचा ठरलेला. २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘पेंटॅक्स १७’ हा नवा फिल्म कॅमेरा काढला, पण त्यातही झूम नाही, फोकस हाताने लावायचा आणि रोल अंगठ्याने पुढे सरकवायचा.

तेव्हा घरातल्या कपाटात असा एखादा झूम कॅमेरा पडून असेल तर आधी सेलची खोबण पाहा, गळलेल्या सेलचा गंज नसेल तर नवा सेल घाला, यातल्या पुष्कळांना तीन व्होल्टचा सीआर१२३ लागतो. भिंग सरळ बाहेर येऊन परत आत गेले आणि फ्लॅश चार्ज झाला, तर ४०० चा रोल घालून फोटो काढा आणि झूम शक्यतो आखडलेलाच ठेवा. कॅमेरा बंद पडलेला निघाला तर मात्र स्क्रू काढून स्वतः उघडू नका: फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपासचा भार सेल काढल्यावरही साठलेला असू शकतो.