आई, गृहिणी आणि सत्याग्रही: सुधाताई जोशी

लाटंबार्से हे गोव्यातल्या डिचोलीचं सीमेवरचं गाव. पलीकडे दोडामार्ग. १९५५ साली ही दोन देशांची हद्द होती, अलीकडे पोर्तुगीज आणि पलीकडे भारत. आपल्या पोरांना त्या काळच्या गोवा मुक्तिलढ्याची गोष्ट सांगताना मी सुधाताई जोशींचं नाव आवर्जून घेतो.

सुधाताई म्हणजे पंडित महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी. शास्त्रीबुवा शेजारच्या सत्तरीतल्या आंबेड्याचे. 'भारतीय संस्कृतिकोशा'चे दहा खंड त्यांनी सिद्ध केले, हे सर्वांना ठाऊक. पण या घरातल्या बाईंनी काय केलं, हे फार कमी जणांना माहीत असतं! पुण्यात मांडलेला संसार, पदरात मुलगा, आणि तरीही त्या गोव्यात सत्याग्रहाला आल्या. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी स्वीकारलं. सभेला बंदी, अटक होणार हे उघड, तरी त्या उभ्या राहिल्या. पोलिसांनी त्यांना पकडलं. पुढे बारा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली आणि १९५९ साली सुटका होईपर्यंत त्या तुरुंगातच होत्या.

आईनं घर सांभाळावं की देशकार्य करावं, असा प्रश्न आपण अजूनही विचारतो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. सुधाताईंनी दोन्ही आपलं मानलं, आणि त्याची किंमत त्या घरातल्या प्रत्येकानं मोजली.

तुमच्या वाड्यावरही स्वातंत्र्यलढ्यात उतरलेली एखादी आई, आजी असेल. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि त्यांची आठवण इथे नक्की लिहा.