पडकं घर एकाचं, ताप साऱ्या वस्तीला

माय-बहिणींनो, रोहिणखेड असो की मोताळा तालुक्यातलं दुसरं गाव, वस्तीत एखादं तरी बंद, पडकं घर असतंच. घरचे लोक पोटासाठी पुण्याला, सुरतेला गेलेले. धाब्याची माती वाहून गेलेली, लाकडं कुजलेली, अंगणात कमरेएवढं गाजरगवत. नर्स असताना मी तापाच्या रुग्णाकडे जायची, तर त्याच्या घरातलं पाणी नीट झाकलेलं असायचं. पण शेजारच्या पडक्या घरात डोकावलं, की फुटके माठ आणि टायर पाण्यानं भरलेले दिसायचे.

धोका कशाचा?

डेंग्यू : हा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. अंडी कोरड्या भांड्याच्या कडेलाही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. भांडं घासून पालथं घालावं. तापात पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी मनानं घेऊ नका. पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच दवाखाना गाठा.

स्क्रब टायफस : २०१८ साली नागपूर भागात याची साथ आली होती. गवत-झुडपातला बारीक किडा चावतो. ताप, डोकेदुखी आणि काखेत किंवा जांघेत काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना लाजू नका, दाखवा. वेळेत औषध मिळालं तर रुग्ण बरा होतो.

साप : पडक्या घरात उंदीर, उंदरामागे साप. मण्यार रात्री झोपेत चावते. दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात. कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता १०८ बोलवा.

भिंत : मातीची भिंत पाणी पिऊन जड होते आणि अचानक बसते. लेकरांना तिच्या सावलीत खेळू देऊ नका.

करायचं काय?

आधी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर कुणाच्या नावावर आहे ते पाहा. मालकाला फोन करा. बहुतेक जण 'तुम्हीच साफ करून घ्या' म्हणतात. ते लेखी किंवा मोबाईलवर घ्या. पण भिंत स्वतः पाडू नका.

मालक ऐकत नसेल तर दहा-पंधरा घरांच्या सह्यांचा अर्ज आणि फोटो ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना द्या, शिक्क्याची पोच घ्या. विषय ग्रामसभेत मांडा, ठरावात नोंदवून घ्या. गावाची स्वच्छता हे पंचायतीचं काम आहे.

तरीही हाललं नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १३३ होतं. पडायला आलेली, लोकांना इजा होईल अशी इमारत दुरुस्त करण्याचा, आधार देण्याचा किंवा काढण्याचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात. मालकाला म्हणणं मांडायची संधी मिळते. याच जुन्या कलमाखाली रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली होती. नगरपालिका म्हणाली, पैसा नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं ती सबब मानली नाही.

एक गोष्ट मात्र जपा. ते घर बहुधा आपल्याच भावकीतल्या कुणाचं असतं. गावात त्याची तेवढीच जागा. सफाईच्या नावाखाली कुणी ती बळकावता कामा नये. अर्जातच लिहा : 'धोका काढावा, जागेचा हक्क मालकाचाच राहावा.' तो परत येईल तेव्हा त्याला जागा मिळावी आणि तोवर आपली लेकरं धडधाकट राहावीत. दोन्ही गोष्टी साधता येतात.

येत्या रविवारी विहारात जमाल, तेव्हा वस्तीतल्या पडक्या घरांची यादी करा. पहिला अर्ज त्याच दिवशी लिहा.