विद्यापीठाची वेस आणि मोखाड्याची विहीर

मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे वैतरणा नदीवर उभारलेले मध्य वैतरणा धरण २०१२ मध्ये बांधून झाले. या धरणातून मुंबईला दररोज सुमारे ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी मिळते. त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही विसंगती वृत्तपत्रांच्या वाचकांना नवी नाही. दर एप्रिल-मे महिन्यांत रिकाम्या हंड्यांची छायाचित्रे छापून येतात आणि पहिल्या पावसाबरोबर विषय मिटतो. तिची एक बाजू मात्र क्वचितच चर्चेला येते. या पाण्यावर जगणाऱ्या महानगरात मुंबई विद्यापीठ आहे, पवईची आयआयटी आहे, अभियांत्रिकी, वास्तुरचना आणि समाजकार्य शिकवणारी कित्येक महाविद्यालये आहेत. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. म्हणजे कागदोपत्री तरी हा प्रदेश विद्यापीठाचा शेजार ठरतो. शेजाऱ्याच्या विहिरीत एप्रिलमध्ये किती पाणी उरले, याची नोंद ठेवणे हे विद्यापीठाचे काम आहे काय?

विद्यापीठाने आपल्या सभोवतालच्या वस्तीची उभारणी करावी, ही कल्पना नवी नाही आणि केवळ पाश्चात्त्यही नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२२ मध्ये शांतिनिकेतनजवळील सुरूल गावी श्रीनिकेतनची स्थापना केली. इंग्रज कृषितज्ज्ञ लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साह्याने तेथे शेती, आरोग्य, हस्तव्यवसाय आणि गावाची पाहणी हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. महाराष्ट्रातही जव्हारपासून फार दूर नसलेल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच अंगणात आणि गुरांच्या कुरणात नेली. कोसबाडचा प्रयोग विद्यापीठाचा नव्हता, पण शिक्षणसंस्थेने परिसराच्या वेळापत्रकाप्रमाणे स्वतःला वळवावे, हा त्यातला विचार पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती व यंत्रविद्या शिकवणारी विद्यापीठे उभी राहिली, तर १९१४ मध्ये त्यांना शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोहोचवणारी विस्तार यंत्रणा जोडण्यात आली. भारतातील कृषी विद्यापीठांची घडण याच धर्तीवर झाली. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चे. आज शेतकऱ्याला भाताच्या वाणाबद्दल प्रश्न पडला तर त्याचे उत्तर देणारी एक साखळी, कितीही विरळ असली तरी, अस्तित्वात आहे. परंतु पाड्याला पाणी कोठून आणावे, नळयोजना का बंद पडली, बाळंतिणीला रुग्णालयात न्यायला किती वेळ लागतो, या प्रश्नांसाठी अशी साखळी कोणत्याच विद्यापीठाकडे नाही. शेतीला विस्तार मिळाला; पाणी, वस्ती आणि रस्ता यांना तो मिळाला नाही.

पावसाचा प्रदेश, पाण्याचा दुष्काळ

जव्हार आणि मोखाडा हे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचे डोंगराळ तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार, तर मोखाड्याची सुमारे ८३ हजार. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या आदिवासी समाजांची वस्ती येथे बहुसंख्य आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले, तेव्हापासून या तालुक्यांचे नाव कुपोषणाशी जोडले गेले ते आजतागायत.

पाऊस येथे भरपूर पडतो. पण चार महिन्यांत. काळ्या कातळावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. त्यामुळे पाणी मुरण्याआधीच वाघ, पिंजाळ, वैतरणा या नद्यांच्या खोल दऱ्यांत उतरते. गावे वर पठारावर आणि पाणी खाली दरीत, अशी ही रचना. एका महसुली गावाचे अनेक पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले असतात. गावासाठी विहीर, पंप, टाकी आणि नळ अशी स्वतंत्र योजना आखली की कागदावर ती पुरेशी दिसते. मार्चमध्ये विहीर आटते, पंप जळतो किंवा विजेचे देयक थकते आणि योजना बंद पडते. टाकी तशीच उभी राहते. पुढच्या यादीत ते गाव ‘योजना पूर्ण’ या रकान्यात असते आणि मे महिन्यात टँकरच्या रकान्यातही असते. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहण्याची सवड सहसा कोणाला नसते.

हे काम आयआयटी मुंबईने काही अंशी केले. तेथील ‘सितारा’ या नावाने ओळखले जाणारे, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. पुढे तंत्रज्ञान आणि विकास या विषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रम तेथे सुरू झाला आणि विद्यार्थ्यांनी काही आठवडे गावात राहून एखादा प्रत्यक्ष प्रश्न अभ्यासणे हा त्याचा भाग बनला. कर्जत, शहापूर, मोखाडा हे तालुके असे अभ्यासाला आले. मोखाड्याच्या बाबतीत विचारलेला प्रश्न साधा होता. ऊर्ध्व वैतरणा जलाशय तालुक्यातील अनेक पाड्यांपेक्षा उंचावर आहे. मग पंपाशिवाय, निव्वळ उताराने ते पाणी टँकरग्रस्त गावांपर्यंत आणता येईल काय? मुंबईकडे जाणारे पाणीही मुख्यतः उतारानेच जाते, हे लक्षात घेतले तर या प्रश्नातील न्याय वेगळा सांगावा लागत नाही.

अशा बहुग्राम योजनेत किती व्यासाची नळी कोठून न्यायची, दाब कमी करणारी टाकी कोठे बांधायची, यावर खर्च अवलंबून असतो. हा हिशेब करणारी ‘जलतंत्र’ ही संगणकप्रणाली आयआयटी मुंबईत विकसित झाली आणि ती विनामूल्य वापरता येते. प्रयोगशाळेतील गणित आणि पाड्यावरचा नळ यांच्यातील अंतर असे कमी होऊ शकते. तांत्रिक उत्तर म्हणजे योजना नव्हे, हे अर्थातच खरे. धरण कोणाचे, पाण्यावर आरक्षण कोणाचे, वीस वर्षे देखभाल कोण करणार, हे निर्णय मंत्रालयात आणि जिल्हा परिषदेत होतात. पण ‘शक्यच नाही’ हे उत्तर आकडे समोर आल्यावर देता येत नाही, एवढा फरक अशा अभ्यासाने पडतो.

दोन वेळापत्रके

अडचण निराळीच आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली आणि महाविद्यालयांचा गावाशी आलेला संबंध प्रामुख्याने तिच्याच सात दिवसांच्या शिबिरांतून आला. शिबिर बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरते. वनराई बंधारा बांधला जातो, रस्ता झाडला जातो, सर्वेक्षणाचे अर्ज भरले जातात. नेमक्या याच काळात जव्हार-मोखाड्यातील कित्येक घरांना कुलूप असते. भाताची कापणी आटोपली की दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे परिसरातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. तेव्हा केलेल्या सर्वेक्षणात भेटतात ते वृद्ध आणि न गेलेली माणसे. अशा पाहणीवरून गावाची गरज ठरवणे म्हणजे सुटीच्या दिवशी कचेरीची हजेरी घेणे होय.

पाणीटंचाई खरी जाणवते ती एप्रिल-मे महिन्यांत. तेव्हा विद्यापीठात परीक्षा असतात, पाठोपाठ सुटी. शहरातील महाविद्यालयांना, त्यांची इच्छा असली तरी, त्या वेळी तेथे असणे जमत नाही. मग त्या वेळी तेथे कोण असते? जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे आणि मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. तेथे शिकणारी बहुतांश मुले याच पाड्यांतील. मे महिन्यात ती सुटीसाठी घरी जातात, म्हणजे थेट टंचाईग्रस्त गावातच जातात. त्यांच्या घरातील कोणी तरी पहाटे झऱ्यावर रांगेत उभे असते.

विद्यापीठाने परिसराच्या नियोजनात भाग घ्यायचा तर सुरुवात या मुलांपासून व्हायला हवी. काम अवघड नाही. दोरीला खुणा करून विहिरीतील पाण्याची पातळी दर पंधरवड्याला मोजता येते. झऱ्याखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते हे पाहिले की प्रवाह कळतो. क्लोरीन आहे की नाही हे एका थेंबाच्या चाचणीने समजते. कोणता हातपंप चालू, कोणता बंद, टँकर कोणत्या दिवशी आला, आजारी माणसाला रस्त्यापर्यंत किती अंतर झोळीतून न्यावे लागले, हे मोबाइलवर नकाशासह नोंदवता येते. अशा पाच वर्षांच्या नोंदी एका पाड्याच्या हाती असल्या तर जल जीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या निकषावर त्या पाड्याला अधिकाऱ्यांशी आकड्यांत बोलता येईल.

आणि बोलण्याची जागाही आता आहे. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याचे राज्याचे नियम २०१४ मध्ये आले; त्यानुसार पाडासुद्धा स्वतःची स्वतंत्र ग्रामसभा मागू शकतो. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींकडे जाऊ लागला. गावाचा विकास आराखडा गावानेच करायचा आहे. वनहक्क कायद्याने सामूहिक जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा करण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला आहे. जव्हारमध्ये ‘वयम्’सारखी चळवळ ग्रामसभांना या कायद्यांचा वापर शिकवत आली आहे. अधिकार आला, थोडा पैसा आला. मोजमाप करणारे हात आणि नकाशा वाचणारे डोळे मात्र कमी पडतात. म्हणूनच पुष्कळ आराखडे एकमेकांची नक्कल वाटतात. सिमेंटचा रस्ता, समाजमंदिर, सौरदिवे.

जव्हार शहराचा प्रश्न थोडा वेगळा. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि गावाचे राजधानीपण गेले. राहिला तो जयविलास राजवाडा, थंड हवा आणि बाजारपेठ. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास होती. एवढ्या लहान नगर परिषदेला नगररचनाकार स्वतःच्या पदरी ठेवणे कठीण असते, तरी १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखडा करावा लागतोच, आणि त्याआधी जमिनीच्या सध्याच्या वापराचे सर्वेक्षण बंधनकारक आहे. मुंबईतील वास्तुरचनेचे विद्यार्थी दूरदूरच्या ऐतिहासिक शहरांच्या अभ्याससहली काढतात. त्यांनी एक सत्र जव्हारच्या जुन्या वाड्यांची, तलावांची आणि आठवडी बाजाराची मोजणी केली, आणि तेथील महाविद्यालयाच्या मुलांना सोबत घेतले, तर दोघांचाही अभ्यास होईल.

अहवाल कोणाच्या कपाटात?

पाश्चात्त्य उदाहरणांतून एक धोका दिसतो. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९९० च्या दशकात आपल्या सभोवतालच्या खालावलेल्या वस्तीत शाळा, घरे, दुकाने यांत मोठी गुंतवणूक केली. वस्ती सुधारली, पण घरांच्या किमती वाढून जुन्या गरीब रहिवाशांवर निघून जाण्याची वेळ आली, अशी टीकाही झाली. जव्हारमध्ये भाडेवाढीची भीती नाही. येथे भीती आहे ती ज्ञान निघून जाण्याची. संशोधक येतात, प्रश्न विचारतात, प्रबंध पूर्ण होतो, पदवी मिळते. पाड्याला त्याची प्रतही मिळत नाही. कुपोषणावर या भागात इतकी पाहणी झाली आहे की, प्रश्नावली घेऊन येणारा माणूस दिसला तरी तो काय विचारणार हे बायकांना ठाऊक असावे.

यावर उपाय म्हणून आखलेल्या योजना दोन. केंद्राचे उन्नत भारत अभियान २०१४ मध्ये सुरू झाले; त्यात सहभागी संस्थेने किमान पाच गावे निवडायची असतात. राज्याचे उन्नत महाराष्ट्र अभियान २०१६ चे. त्यामागील विचार अधिक नेमका होता: जिल्हा प्रशासनाला भेडसावणारे प्रश्न त्याच विभागातील महाविद्यालयांनी अभ्यासावेत, आणि तो अभ्यास उपकार म्हणून नव्हे तर मोबदला घेऊन, कामाची जबाबदारी स्वीकारून करावा. आयआयटी मुंबईचे प्रा. मिलिंद सोहोनी यांनी सातत्याने मांडलेली भूमिका हीच. गाव दत्तक घेण्याच्या भाषेपेक्षा ही भाषा स्वच्छ आहे. दत्तक घेतलेल्या गावाचे पुढे काय झाले, असे सहसा कोणी विचारत नाही. मोबदला देणारा मात्र विचारतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे विहीर मोजणाऱ्या मुलीला आता तिच्या गुणपत्रिकेतही त्याचे मोल मिळू शकते. त्यासाठी विद्यापीठाने दोन गोष्टी ठरवून द्याव्या लागतील. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहील. आणि या प्रकल्पाचे मूल्यमापन जूनमध्ये, उन्हाळ्याच्या नोंदी पूर्ण झाल्यावर होईल, मार्चमध्ये नव्हे.

दुसरी गोष्ट ऐकायला किरकोळ, पण तीच अडते. ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक प्राध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेले असतात. त्यांचे मानधन घेतलेल्या तासांवर आणि नेमणूक सत्रापुरती. विद्यार्थ्यांना घेऊन पाड्यावर जाण्याचा तास कोणत्याच देयकात बसत नाही. विहिरीचा तळ दिसू लागतो त्या महिन्यात त्यांची नेमणूक संपलेली असते, आणि नवी नेमणूक होईपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो. जिल्हा नियोजनाच्या निधीतून त्या दोन-तीन महिन्यांचे मानधन देण्याची तरतूद झाली, तर जव्हार आणि मोखाड्याच्या महाविद्यालयांना हे काम येत्या उन्हाळ्यातही सुरू करता येईल.