पोस्टींची संख्या आणि वाचकांचा प्रतिसाद

जितक्या अधिक पोस्टी, तितका अधिक प्रतिसाद, हा सर्वसामान्य समज अंशतःच खरा आहे. कारण संख्या वाढल्याने प्रतिसादाची एकूण बेरीज वाढण्याचा संभव असला, तरी वाचकाचे अवधान मर्यादित असल्यामुळे दर पोस्टीमागील सरासरी बहुधा घटते. इन्स्टाग्रामवर २०१६ पर्यंत पोस्टी कालक्रमानुसार दिसत, तोवर वारंवार हजेरी लावणाऱ्यास अग्रस्थान आपसूक मिळे. पुढे मात्र कोणास कशात रस वाटेल याचा अदमास घेऊन क्रम लावण्याचा रिवाज तेथे सुरू झाला, आणि फेसबुकनेही २०१८ साली आप्तस्नेह्यांमधील संवादास प्राधान्य देण्याचे जाहीर केले. सबब, केवळ पोस्टींचा सपाटा लावण्यापेक्षा, आलेल्या अभिप्रायांस अगत्याने उत्तरे देण्याचा शिरस्ता ठेवणे अधिक श्रेयस्कर होय.