कराला हजर, मताला गैरहजर

बीड जिल्ह्यातून माणसे बाहेर जातात असे म्हटले की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे कोयते घेऊन निघालेली ऊसतोड कामगारांची टोळी उभी राहते, आणि ते यथार्थच आहे; दसरा-दिवाळी उलटली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतील कित्येक गावे ओस पडतात आणि उन्हाळा लागल्यावर पुन्हा भरतात. परंतु याच जिल्ह्यातून दुसरेही एक स्थलांतर मुकाट्याने चालू असते, ज्याची नोंद कोणत्याही मुकादमाच्या वहीत सापडावयाची नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, तहसील कचेरीतून, परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातून किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेली, आयुष्यभर बदल्या आणि बढत्या यांखेरीज दुसरा प्रवास न केलेली माणसे उतारवयात पारपत्र काढतात आणि अमेरिकेत, दुबईत किंवा ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्या मुलामुलींपाशी राहावयास जातात. प्रथम नातवंडाच्या जन्मानिमित्त सहा महिने, मग दर हिवाळ्यात, आणि दोघांपैकी एक मागे उरले की बहुधा कायमचे.

या मंडळींचे शरीर परदेशी गेले तरी त्यांचा संसार इकडेच राहिलेला असतो. निवृत्तिवेतन बीडच्या कोषागारातून निघते, मुदतठेव इथल्या बँकेत असते, घरपट्टी इथल्या नगरपालिकेत भरावयाची असते आणि सातबाऱ्यावरील नाव तलाठ्याच्या सज्जात तसेच असते. साहजिकच दोन प्रश्न उभे राहतात: आपले मत राहिले की गेले, आणि आपला कर कोणाला द्यावयाचा? पहिल्याचे उत्तर कायद्याने संकोचाने दिले आहे आणि दुसऱ्याचे अत्यंत तपशिलाने. या दोन उत्तरांत जी विषमता आहे तीच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या जिल्ह्याला रहिवासाचा प्रश्न नवा नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मुल्की कोण आणि गैरमुल्की कोण हा वाद नोकरीच्या प्रत्येक अर्जाबरोबर निघत असे, आणि १९१९ च्या फर्मानाने मुल्की ठरावयास पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट घातलेली होती. संस्थान विलीन झाल्यावर १९५० साली बीडच्या रहिवाशाच्या पदरी दोन गोष्टी एकदमच आल्या: १ एप्रिलपासून भारताचा आयकर कायदा पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाला लागू झाला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात लोकप्रतिनिधित्व अधिनियम संमत होऊन प्रौढ मताधिकाराच्या मतदार याद्यांचा पाया घातला गेला. जुळ्या भावंडांप्रमाणे जन्मलेली ही दोन बंधने पुढे मात्र अगदी भिन्न स्वभावाची निघाली.

मताचे आधी पाहू. मतदार यादीत नाव यावयाचे तर मनुष्य त्या मतदारसंघात सामान्यतः निवासी असला पाहिजे, असा दंडक आहे, आणि केवळ तेथे घर मालकीचे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी निवासी ठरत नाही असे अधिनियमाच्या विसाव्या कलमात स्पष्टच म्हटले आहे. बीडच्या पेठेत चौसोपी वाडा आहे, दाराला कुलूप आहे आणि धनी कॅलिफोर्नियात आहे, तर त्या वाड्याच्या बळावर मत मागता येत नाही. मात्र त्याच कलमाची दुसरी बाजूही आहे, जी पुष्कळांना ठाऊक नसते: तात्पुरत्या गैरहजेरीमुळे मनुष्याचे निवासीपण नष्ट होत नाही. यास्तव मुलाकडे चार-सहा महिने राहून परतणाऱ्या पेन्शनराचे नाव यादीत राहिलेच पाहिजे, आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने घराला कुलूप पाहून ‘स्थलांतरित’ असा शेरा मारला तरी संबंधिताला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज नाव वगळता येत नाही. आता ती संधी देणारी नोटीस कुलपालाच चिकटवली गेली तर काय, हा प्रश्न कायद्याचा राहत नाही, शेजाऱ्यांच्या सावधगिरीचा होतो.

जे कायमचे गेले, परंतु ज्यांनी परक्या देशाचे नागरिकत्व घेतले नाही, त्यांच्यासाठी २०१० साली अधिनियमात दुरुस्ती होऊन ‘परदेशस्थ मतदार’ हा वर्ग निर्माण झाला. पारपत्रावर भारतातील जो पत्ता असेल त्या मतदारसंघात, मग तो गेवराई असो, माजलगाव असो की केज, नमुना ६-अ भरून नाव नोंदवता येते. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असले तरी अडत नाही, कारण ते वास्तव्याचा परवाना आहे, नागरिकत्व नव्हे. ज्यांनी मात्र परकीय नागरिकत्वाची शपथ घेतली त्यांचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते. त्यांना मिळणारे ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, कार्ड आजन्म ये-जा करण्याचा परवाना देते. मत देत नाही, आणि नवी शेतजमीन घेण्याचा हक्कही देत नाही. नावात नागरिकत्वाचा उल्लेख असल्यामुळे या कार्डाविषयी जितका गैरसमज आढळतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या सरकारी कागदाविषयी आढळत असेल.

नाव नोंदले, पण मत द्यावयाचे कसे? मूळ पारपत्र हाती घेऊन, स्वतः, मतदानाच्या दिवशी, आपल्याच केंद्रावर उभे राहून. टपालाची सोय नाही, मुखत्याराची नाही, वकिलातीत पेटी नाही. परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांची नोंद होती आणि त्यांपैकी २,९५८ जणांनी मत दिले, त्यांतही २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रातील ५,०९७ पैकी केंद्रापर्यंत पोहोचले अवघे सतरा. त्याच निवडणुकीत बीडचा निकाल ६,५५३ मतांच्या फरकाने लागला हे ध्यानी घेतले म्हणजे एकेका मताचे मोल येथे कोणाला सांगावे लागू नये. जाता जाता हेही नमूद करण्याजोगे आहे की लोकसभेच्या उमेदवाराला रहिवासाची अशी कोणतीच अट नाही. साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना बीडकरांनी १९६७ साली लोकसभेवर धाडले ते याच सवलतीमुळे. मागणाऱ्याने कोठूनही यावे, देणाऱ्याने मात्र जागा सोडू नये, असा हा न्याय आहे.

आता कराकडे वळू, कारण येथे कायद्याची स्मरणशक्ती एकाएकी तीव्र होते. आयकराला नागरिकत्वाशी फारसे कर्तव्य नाही; तो दिवस मोजतो. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात काढले तर मनुष्य निवासी. तेवढे नसले तरी त्या वर्षात साठ दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले तरीही निवासीच. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या नागरिकाला प्रस्थानाच्या वर्षी या साठ दिवसांच्या कलमातून सूट आहे. मुलाकडे राहावयास जाणाऱ्या पेन्शनराला ती नाही. म्हणून जो गृहस्थ जूनअखेरीस विमानात बसतो आणि आपण यंदापासून अनिवासी झालो असे समजतो, तो एप्रिल ते जूनच्या एक्याण्णव दिवसांमुळे त्या संपूर्ण वर्षापुरता निवासीच राहतो. पुढील वर्षांत, परदेशी वास्तव्य पक्के झाल्यावर, भारतभेटीला १८२ दिवसांची मोकळीक मिळते; परंतु ज्या नागरिकाचे भारतातील करपात्र उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक आहे त्याच्या बाबतीत ही मर्यादा २०२० पासून १२० दिवसांवर आणलेली आहे. एवढेच उत्पन्न असून जो कोणत्याच देशात निवासी म्हणून करास पात्र नाही, आणि आयकर नसलेल्या दुबईत राहणाऱ्याची स्थिती नेमकी अशी असते, त्याला तर एक दिवसही भारतात न काढता निवासी मानण्याची तरतूद आहे. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या आयकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले. हा हिशेब कायम राहिला.

अनिवासी झाल्याने कर टळतो ही समजूत तर सर्वस्वी चुकीची आहे. अनिवाशाला परदेशातील उत्पन्नावर येथे कर नाही हे खरे, पण भारतात उद्भवलेले निवृत्तिवेतन, घरभाडे, ठेवीवरील व्याज यांवर तो आहेच, आणि वर कित्येक सवलती हातच्या जातात. निवासी ज्येष्ठ नागरिक बँकेत स्वघोषणेचा परिचित नमुना देऊन व्याजावरील कपात थांबवू शकतो, अनिवासी शकत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर ज्या सवलतीने माफ केला तीही निवाशांपुरतीच आहे. अनिवासी होताच बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवाशाचे सामान्य खाते, करून घ्यावे लागते आणि त्यावरील व्याजातून तीस टक्के, उपकर धरून ३१.२ टक्के, बँक आधीच कापून घेते. प्रत्यक्ष देय कर कमी असला तर विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहावी. घर विकले तर खरेदीदाराने कपात केलीच पाहिजे. शेतीचे उत्पन्न तेवढे आयकरातून मुक्त आहे, आणि पूर्वीची किंवा वारशाने आलेली जमीन अनिवासी भारतीयाला राखताही येते, पण नवी विकत घेता येत नाही आणि विकावयाची ती भारतात राहणाऱ्या भारतीयालाच.

त्यातून दुसरा देशही हिशेब मांडून बसलेला असतो. अमेरिका चालू वर्षाचे सर्व दिवस, गतवर्षाच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षाचा सहावा हिस्सा यांची बेरीज करते. ती १८३ झाली की माणूस करापुरता त्यांचा रहिवासी. दरसाल सुमारे चार महिने, नेमके सांगावयाचे तर १२२ दिवस, मुलीकडे राहणाऱ्या आजोबांची बेरीज तिसऱ्या वर्षी बरोबर १८३ भरते. मायदेशाशी निकटचा संबंध असल्याचा अर्ज करून यातून सुटका होते, परंतु तो अर्ज करावा लागतो. ग्रीन कार्ड घेतलेल्याला ती वाटही नाही. त्याच्या जगभरातील उत्पन्नावर अमेरिकेचा हक्क आहे आणि त्यात भारतात करमुक्त असलेले माजलगावच्या उसाचे पैसेही येतात. एकाच रकमेवर दोनदा कर पडू नये म्हणून भारताने बहुतेक मोठ्या देशांशी करार केलेले आहेत, आणि शासकीय निवृत्तिवेतनावर ते देणाऱ्या देशाचा पहिला हक्क मानण्याचा प्रघात या करारांतून सामान्यतः आढळतो.

येथे इतर देशांचे उदाहरण उद्बोधक आहे. अमेरिकेचा नागरिक निवृत्त होऊन पुण्यात राहिला तरी त्याला आपल्या सरकारकडे कराचे विवरण पाठवावे लागते, पण मतपत्रिकाही टपालाने येते. फ्रान्सच्या प्रतिनिधिसभेत परदेशस्थ फ्रेंच नागरिकांचे अकरा सदस्य असतात. ब्रिटनमध्ये पंधरा वर्षे बाहेर राहिलेल्याचे मत जात असे, ती मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. आपल्याकडे नागेंदर चिंदम आणि शमशीर व्ही. पी. या अनिवासी भारतीयांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. मुखत्याराकरवी मत देऊ देणारे विधेयक लोकसभेने ९ ऑगस्ट २०१८ रोजी संमत केले, आणि राज्यसभेत न येताच ते २०१९ साली लोकसभेबरोबर विसर्जित झाले. २०२० साली निवडणूक आयोगाने इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिकेचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवला, त्यावरही कृती झालेली नाही. सैनिकांना आणि परदेशी नेमणुकीवरील शासकीय नोकरांना ही सोय आज मिळतेच. परदेशी वकिलातीत नोकरीवर असलेल्या कारकुनाचे मत चालते, निवृत्त होऊन त्याच शहरी मुलाकडे राहिला की चालत नाही.

या सोयीविरुद्धचे आक्षेप पोकळ नाहीत. मुखत्याराने मत कोणाला दिले हे कोण पाहणार? आणि मुलाच्या घरी, मुलाच्या संगणकावर छापलेल्या मतपत्रिकेवर खूण करणारा परावलंबी वृद्ध खरोखर स्वतःचेच मत देईल काय? मला मुखत्यारपत्राची कल्पना त्याज्य वाटते. कुलमुखत्यारपत्राने जमीन विकता येते, तेवढे पुरे. वकिलातीतील मतदान केंद्र हा मार्ग अधिक निर्दोष आहे. तसेच न्यायाने बोलावयाचे तर रांगेत पेन्शनराच्या पुढे ऊसतोड कामगार उभा आहे. देशांतर्गत स्थलांतरितांसाठी एकाच ठिकाणाहून बहात्तर मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडला होता, तोही पक्षांच्या आक्षेपांत अडकून पडला, आणि २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन तोडणीच्या तोंडावर झाली. दोघांपैकी पासपोर्टवाल्याची सोय आधी झाली तर ती लाजिरवाणी गोष्ट होईल.

परंतु परदेशातून मत घेणे अशक्य आहे, हे म्हणणे मात्र मान्य करता येत नाही. दर नोव्हेंबरात हाच पेन्शनर सातासमुद्रापलीकडून मोबाइलपुढे चेहरा धरतो आणि त्याच्या हयातीचा दाखला शासनदरबारी रुजू होतो. माणूस जिवंत आहे आणि तो तोच आहे, एवढी खात्री पैसे देण्याकरिता जे शासन करून घेऊ शकते, त्याला मताकरिता ती करता येऊ नये याला इच्छेचा अभाव याखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

तूर्त परदेशी निघणाऱ्या वाचकांनी एवढे करावे: घराला कुलूप लावण्यापूर्वी यादीतील नाव तपासून केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला परतीची तारीख कळवावी, कायमचेच जाणार असाल तर नमुना ६-अ भरावा, बीड आणि पुणे अशा दोन्ही ठिकाणी नाव ठेवण्याचा मोह टाळावा, कारण तो गुन्हा ठरू शकतो, आणि पारपत्रावरील येण्याजाण्याच्या शिक्क्यांच्या नकला जपून ठेवाव्यात, आयकर कचेरी विचारील तेव्हा दिवसांचा पुरावा तोच.